दोन मीटर पाणी

(दृश्य: शेत, ओढा, दगडी चौथऱ्यासारखी बुटकी खोली)

इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये, मेंडिपच्या टेकड्यांवर प्रिडी नावाचं खेडं आहे. गावाजवळच्या शेतातून एक ओढा येतो आणि इथे, या खोलीपाशी, सरळ जमिनीत शिरतो. ही स्विल्डन्स होल गुहा. 1901 साली माणसं पहिल्यांदा इथून आत उतरली.

ओढ्याच्या मागोमाग खाली उतरत गेलं, की एका जागी वाट संपते. ओढा मात्र संपत नाही. गुहेचं छतच खाली येऊन पाण्यात बुडालेलं असतं. बेसिनखालचा वाकडा पाइप आठवा. त्या वाकात पाणी कायम भरलेलं, पलीकडे पाइप पुन्हा मोकळा. गुहावाले याला ‘सम्प’ म्हणतात. पलीकडे मोकळी जागा हातभरावर आहे की फर्लांगभर दूर, हे अलीकडे उभं राहून कळायला काही मार्ग नाही.

पाणी उपसून टाकावं? ओढा रात्रंदिवस वाहतोय. जेवढं काढाल तेवढं मागून हजर.

1934 साली ग्रॅहॅम बाल्कम आणि जॅक शेपर्ड या दोघा इंजिनियरांनी थेट सुरुंग लावून पाहिला. बंद बोळात सुरुंग! धाडस म्हणा, आगाऊपणा म्हणा. वाट काही झाली नाही. मग सायकलच्या फ्रेमचे भाग आणि बागेला पाणी घालायचा पाइप जोडून श्वास घ्यायचं यंत्र केलं. तेही फसलं. नुसत्या नळीनं भागत नाही, कारण पाण्याखाली मीटरभर गेलं तरी छातीवर एवढा दाब येतो, की वरची हवा आत ओढवत नाही. ती कुणीतरी रेटावी लागते.

पुढच्या वर्षी मंडळी टेकडीच्या पायथ्याला, वूकी होल नावाच्या गुहेला गेली. वर जमिनीत शिरलेलं पाणी तिथे बाहेर पडतं. धातूचं शिरस्त्राण, शिशाचे बूट, वरून पंपाची हवा, असा पाणबुड्यांचा जामानिमा चढवून ती नदीच्या तळावरून चालत सातव्या दालनापर्यंत पोचली. त्यांत पेनेलोपी पॉवेलही होत्या. पण स्विल्डन्सच्या कपारींतून हे ओझं न्यायचं कसं?

(दृश्य: हेल्मेटच्या दिव्यात काळं पाणी)

4 ऑक्टोबर 1936. शेपर्डच्या अंगात घरी बनवलेला, पाणी आत न शिरणारा पोशाख. हवेसाठी फुटबॉलचा पंप, थोडा फेरफार केलेला. शेपर्ड पाण्यात शिरला आणि पलीकडे निघाला.

अंतर? जेमतेम दोन मीटर.

आता तिथे दोर बांधलेला आहे. दम धरायचा, दोराला धरून स्वतःला ओढायचं, हेल्मेट छताला खडखडतं, आणि डोकं पलीकडे वर.

बुडी नको असेल तर वरच्या अंगानं एक वळसाही सापडलाय. तिथे चिखलाचा एक सम्प लागतो. तो भरला असेल तर बसा बादल्यांनी उपसत. पुढे ‘डबल ट्रबल्स’ नावाची पाण्यानं भरलेली जागा. तिथे नळी लावून सायफननं पाणी उतरवायचं. इथे हे जमतं, कारण पाणी साचलेलं आहे. मागून ओढा येत नाही. मग सरपटत, अंग चोरत एका अरुंद फटीतून खाली.

एवढं करून माणूस पोचतो कुठे? त्याच पहिल्या सम्पाच्या पलीकडच्या काठावर. समोर दोर आणि ते दोन मीटर पाणी. घरी जायची जवळची वाट तीच.