पत्र उघडल्याची खबर

श्रोतेहो, नमस्कार.

आलेला ईमेल उघडला, चाळला आणि उत्तर न देता काढून टाकला, म्हणजे ती बाब आपल्यापुरतीच राहिली, असे बहुतेकांना वाटते. जाहिरातींची, विक्रेत्यांची आणि वृत्तपत्रिकांची पत्रे पाहता हा समज पुष्कळदा चुकीचा ठरतो. पत्र उघडले गेले का, केव्हा, किती वेळा आणि मोबाइलवर की संगणकावर, हे पाठवणाऱ्याला कळू शकते. वाचणाऱ्याला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.

हे घडते कसे? ईमेलमधील चित्र दोन प्रकारे येऊ शकते. एक तर ते पत्रातच भरलेले असते, किंवा पत्रात केवळ त्याचा पत्ता असतो आणि पत्र उघडताच आपले ॲप ते दूरच्या सर्व्हरवरून मागवून घेते. खबर फुटते ती या मागणीतून. मागणी कधी आली, कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, आली आणि कोणत्या ॲपने केली, याची नोंद त्या सर्व्हरवर होते. यासाठी चित्र दिसण्याचीही गरज नसते. एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढे, आणि पारदर्शक असे चित्र पुरते, फक्त त्याचा पत्ता प्रत्येक वाचकासाठी वेगळा तयार केलेला असतो, त्यामुळे मागणी आली की ती कोणाच्या पत्रातून आली हे उघड होते. आयपी पत्त्यावरून घर सापडत नाही, फार तर शहर किंवा परिसर कळतो, आणि तोही अनेकदा चुकतो. तेव्हा त्या बाजूने फार घाबरण्याचे कारण नाही.

ईमेलमध्ये पोचपावतीची सोय फार जुनी आहे. पाठवणारा पावती मागतो, आणि ती द्यावी का, असे ॲप सहसा आपल्याला विचारते. हे पिक्सेलएवढे चित्र तीच पावती न विचारता घेते, आणि माझा आक्षेप नेमका याच गोष्टीला आहे. आपली वृत्तपत्रिका कोणी वाचते का, हे संपादकाला जाणून घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यासाठी एकूण आकडा पुरेसा असताना अमुक व्यक्तीने पत्र रात्री उशिरा तीनदा उघडले, इतका तपशील कशाला हवा? शिवाय कचरा पत्रे धाडणाऱ्यांना याच मार्गाने कोणता पत्ता चालू आहे ते समजते, आणि चालू पत्त्यावर पुढची पत्रे येतच राहतात.

यावर मोठ्या कंपन्यांनी काही उपाय केले आहेत. जीमेलने २०१३च्या अखेरीस चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणायला सुरुवात केली, त्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता झाकला गेला. पत्र उघडल्याची खबर मात्र तरीही जाऊ शकते. ॲपलने २०२१मध्ये आपल्या मेल ॲपसाठी वेगळी वाट धरली. तेथे हे संरक्षण चालू असेल तर पत्र उघडा वा न उघडा, चित्रे मध्यस्थ सर्व्हरमार्फत आधीच आणली जातात, म्हणून पाठवणाऱ्याच्या लेखी न वाचलेले पत्रही वाचलेले ठरते आणि त्याचा आकडाच भरवशाचा राहत नाही.

आपल्या हातातील सर्वांत परिणामकारक उपाय एकच आहे: बाहेरील चित्रे दाखवण्यापूर्वी विचारावे, अशी सूचना ॲपच्या सेटिंगमध्ये देऊन ठेवणे. जीमेलमध्ये हा पर्याय आहे. थंडरबर्ड या ईमेल ॲपमध्ये तर बाहेरील चित्रे मुळातच अडवलेली असतात. पत्रांत रिकामे चौकोन दिसू लागतात, सुरुवातीला ते डोळ्यांना खटकते, पण विश्वासातल्या पत्रातील चित्रे एका बटणाने दिसतात.

लिंकचा प्रश्न याने सुटत नाही. जाहिरातीच्या पत्रातील लिंक अनेकदा थेट इष्ट पानावर न नेता आधी मोजणी करणाऱ्या सर्व्हरकडे नेते, आणि वाचकाची ओळख पटवणारी खूण त्या लिंकमध्येच गुंफलेली असते. त्यामुळे ब्राउझरची खासगी खिडकी उघडून उपयोग होत नाही. संस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून जाणे हाच मार्ग उरतो. पासवर्ड बदलण्याच्या लिंकमधील खूण मात्र कामासाठी आवश्यक असते, तिला हात लावू नये.

आपला ईमेल पत्ता हीदेखील एक ओळखच आहे. तोच पत्ता दहा ठिकाणी दिला, तर त्या दहा नोंदी जोडणे सोपे जाते. म्हणून दुय्यम नोंदणीसाठी पर्यायी पत्ता देणाऱ्या सेवा वापराव्यात. फायरफॉक्स रिले किंवा ॲपलची पत्ता लपवण्याची सोय ही त्याची उदाहरणे. जीमेल पत्त्यात अधिक चिन्ह टाकून केलेला वेगळा पत्ता पत्रे निवडायला बरा आहे, पण त्यातून मूळ पत्ता काढणे कोणालाही जमते.

नको असलेली पत्रे ओळखीच्या संस्थेकडून येत असतील, तर सदस्यत्व रद्द करण्याचे बटण निःशंक दाबावे. पाठवणाराच अनोळखी असेल, तर त्याच्या पत्रातील अशा लिंकला स्पर्श न करता पत्र स्पॅम म्हणून नोंदवावे, कारण तेथे रद्द करण्यासाठी केलेले क्लिकसुद्धा आपला पत्ता चालू असल्याचे त्याला कळवते.