झोपलेले राखणदार

नमस्कार श्रोतेहो.

अपघात झाला की पहिला प्रश्न ठरलेला: ड्यूटीवर कोण होतं? नाव सापडलं की बहुतेकांचं समाधान होतं. पण त्या माणसाच्या मागे उभे असलेले राखणदार, म्हणजे सुरक्षेच्या यंत्रणा, त्याआधीच झोपलेले असतील, तर?

आपल्या इंदूरपासून दोनशे किलोमीटरच्या आतलं भोपाळ घ्या, तिथल्या युनियन कार्बाइड कारखान्यातली वायुगळती. 2 डिसेंबर 1984 ची रात्र. 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन. 10:20 ला टाकीचा दाब 2 पीएसआय (दाब मोजायचं एकक) होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या पाळीतल्या माणसाने काटा 10 वर पाहिला. 2 ते 25 हा नेहमीचा पल्ला, त्यामुळे त्याला काही वावगं वाटलं नाही. दाब पाचपट झालाय हे कळायला मागचा आकडा शेजारी लागतो.

ही झाली माणसाची चूक. आता राखणदार मोजा. हे रसायन शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचं असतं. थंड करणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. टाकी कायम गरमच, म्हणून तापमानाच्या इशाऱ्यालाही अर्थ उरला नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा जोडपाइप दुरुस्तीसाठी काढलेला. कॉस्टिक सोड्याने वायू धुणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. पाण्याचे फवारे होते, पण वायू जिथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत ते पोचलेच नाहीत. टाकीत पाणी शिरलं आणि रसायन तापून त्याचा वायू झाला; पण पाणी शिरलं कसं, यावर कंपनीचं आणि तपास करणाऱ्यांचं जमलं नाही. मला तो वाद गौण वाटतो. पाणी कुठूनही आलं असतं, तरी पुढे अडवायला कोण जागं होतं?

आपल्या गावातही 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, मंदिरातल्या बावडीवरचं छत कोसळलं आणि 36 माणसं गेली. गर्दी झाली होती, असं म्हणून सुटता येतं. पण अशा झाकलेल्या बावडीत ओल कोंडते, सळया गंजतात, गंज फुगून काँक्रीटचे पापुद्रे खालच्या बाजूने सुटतात. वरची फरशी मात्र छान दिसते. खाली उतरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता घरी या. मीटरजवळच्या डब्यातला एमसीबी मुख्यतः वायरिंग वाचवतो; घरात तो साधारण 6 ते 32 अँपिअरचा असतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. गेलेला आणि परतलेला करंट यांत साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सप्लाय तोडतो. मात्र वर्षानुवर्षं न हललेला आरसीसीबी आतून अडकून बसू शकतो, आणि दिवे तर रोजच्यासारखे लागतच राहतात! म्हणून त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बदला. या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळं मोजून घ्यावं लागतं.

तपासल्याची तारीख डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवा. पुढच्या वेळी बटण दाबायला घरातलं जे कोणी जाईल, त्याला मागची नोंद शेजारीच सापडेल.