आधी लाइन, मग फ्लाय

(दृश्य: तीर्थन नदी, गुशैणीच्या वरचा पट्टा. तळ दिसेल इतकं नितळ पाणी.)

हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात बंजार सोडलं, की पुढे बराच वेळ तीर्थन नदी रस्त्याची सोबत करते. ती येते ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांमधून. थंडगार पाणी, तळाशी गोटे, मधूनमधून मोठ्या शिळा आणि त्या शिळांच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहिलेले ब्राउन ट्राउट. हा मासा मूळचा युरोपातला. ब्रिटिश काळात, १९०९ मध्ये, कुल्लू खोऱ्यात महिली इथे त्याची पैदास सुरू झाली आणि इथल्या नद्यांमध्ये तो रुळला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ असल्याने तेव्हा मासेमारीला बंदी असते. एरवी मत्स्य विभागाचा परवाना काढून इथे गळ टाकता येतो.

आणि इथे गळ टाकायचा, तर फ्लाय फिशिंगसारखं, म्हणजे फ्लाय नावाच्या नकली किड्याने मासा पकडण्यासारखं दुसरं सुख नाही.

(दृश्य: दुकानातला काचेचा डबा. रंगीबेरंगी फ्लायच्या ओळी.)

शिकायला आलेला माणूस पहिल्यांदा वळतो तो या डब्याकडे. साहजिक आहे. कोंबड्याची पिसं, सशाची लव, मोराच्या पिसाऱ्यातले धागे, तांब्याची तार. गळाच्या इवल्याशा आकड्यावर हे सगळं बांधून किडा तयार केलेला असतो आणि तो बघत बसावं असाच असतो. तरीही पहिले पैसे इथे घालवू नयेत. आधी लाइन ठरवावी.

कारण सरळ आहे. नेहमीच्या गळाला शिसं लावलेलं असतं. आपण शिसं भिरकावतो आणि दोरी त्याच्यामागून जाते. फ्लायला मात्र वजनच नसतं, ती भिरकावणार कशी? म्हणून इथे वजन असतं लाइनमध्ये. प्लॅस्टिकचं आवरण असलेली ही जाडसर लाइन हवेत मागे उलगडते, मग पुढे उलगडते आणि टोकाची फ्लाय तिच्याबरोबर जाते. लाइन चुकीची असेल, तर जगातली सर्वांत सुंदर फ्लायसुद्धा तुमच्या पायाशी पडेल.

(दृश्य: लाइनच्या खोक्यावरची अक्षरं, अगदी जवळून.)

खोक्यावर लिहिलंय, डब्ल्यूएफ-५-एफ. हे वाचता आलं, की निम्मं काम झालं. मधला आकडा वजनाचा. लाइनचे पहिले ३० फूट तोलून तो ठरतो. पाच नंबरच्या लाइनचे हे ३० फूट साधारण १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास भरतात. चार नंबरचे १२०, आठ नंबरचे २१०. रॉडवर, म्हणजे गळाच्या काठीवरही, असाच नंबर असतो. पाचच्या रॉडला पाचची लाइन. तीर्थनच्या ट्राउटसाठी चार किंवा पाच नंबर पुरे. आठ नंबर राहू द्या महसीरसाठी. तो मासाच वेगळ्या ताकदीचा.

डब्ल्यूएफ म्हणजे वजन पुढच्या भागात एकवटलेली लाइन. नवख्या हाताला ती लवकर साथ देते. शेवटचा एफ म्हणजे तरंगणारी. बुडणाऱ्या लाइन मिळतात, पण सुरुवातीला त्या घेऊ नका. तरंगणारी लाइन डोळ्यांना दिसते, आपलं कुठे बिनसतंय ते दाखवते आणि पाण्यावरून सहज उचलता येते.

रिळावर मात्र फार खर्च करू नका. ट्राउटच्या मासेमारीत रीळ मुख्यतः लाइन गुंडाळून ठेवायचं काम करतं. ते पैसे चांगल्या लाइनला लावा आणि तिला जपा. डास पळवणारं मलम हाताला लावून लाइन धरली, तर त्यातलं रसायन हे आवरण खाऊन टाकतं.

लाइनच्या पुढे लीडर. साधारण नऊ फुटांचा, बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला पारदर्शक धागा. टोकाची जाडी 'एक्स'मध्ये मोजतात आणि आकडा वाढला, की धागा बारीक. फाइव्ह एक्स म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिमीटर. किती बारीक घ्यायचा? फ्लायच्या गळाच्या नंबराला तिनाने भागा. सोळा नंबरचा गळ असेल, तर फाइव्ह एक्स. जुना ठोकताळा आहे आणि चांगला चालतो.

(दृश्य: गुडघाभर पाण्यात दोन हात एक दगड उचलतात आणि उलटा धरतात.)

आता फ्लाय. ती नदीला विचारून ठरवायची.

हा दगड बघा. खालच्या बाजूला चिकटून बसलेला हा चपटा किडा, शेपटीचे तीन धागे, पोटाच्या कडेला हलणारे कल्ले. मेफ्लायची ही पाण्यातली अवस्था, निम्फ. हा कित्येक महिने असाच दगडाखाली काढेल आणि पंख फुटल्यावर जेमतेम दिवस-दोन दिवस जगेल. शेजारी ही वाळूच्या कणांची नळी. कणाला कण चिकटवून कॅडिसच्या अळीने स्वतःसाठी बांधलेलं हे घर. आणि दोनच शेपट्या असलेला, थोडा मोठा, तो स्टोनफ्लाय. ट्राउट वर्षभर मुख्यतः हेच खातो. बघून झालं, की दगड होता तसाच, होता तिथेच ठेवायचा. ही कुणाची तरी राहती जागा आहे.

म्हणजे बहुतेक वेळ माशाचं ताट पाण्याखाली मांडलेलं असतं. म्हणून पहिली निवड निम्फची. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची तार एवढ्यावर बांधलेली 'फेझंट टेल', किंवा सशाच्या लवेची 'हेअर्स इअर'. चौदा-सोळा नंबरच्या, डोक्याशी धातूचा मणी असलेल्या घ्या. मण्यामुळे त्या खोल जातात.

पाण्यावर वर्तुळं उठायला लागली, मासा तोंड वर काढून किडे टिपतोय असं दिसलं, की तरंगणारी ड्राय फ्लाय. मेफ्लायसाठी 'अ‍ॅडम्स', संध्याकाळी काठावर कॅडिस घिरट्या घालू लागले, तर 'एल्क हेअर कॅडिस'. बर्फ वितळून पाणी गढूळलं, तर काळी किंवा ऑलिव्ह रंगाची 'वुली बगर', तिची पिसं पाण्यात सतत हलती राहतात. या पाच प्रकारांच्या दोन-तीन फ्लाय प्रत्येकी जवळ असल्या, की हंगाम निघतो.

(दृश्य: प्रवाहावर पडलेली लाइन मधोमध ताणली जाते. फ्लाय पाणी कापत सरकते.)

इथे नवखा माणूस फ्लाय बदलत बसतो. ही नको, ती लाव. दोष बहुतेक वेळा फ्लायचा नसतो. मधला प्रवाह वेगवान, काठाचा संथ. मधलं पाणी लाइनला ओढतं, लाइन फ्लायला ओढते, आणि खरा किडा कधीच असा पाणी कापत जात नाही. ट्राउटला हे कळतं, तो तोंड फिरवतो. अशा वेळी रॉडच्या टोकाने लाइन हलकेच उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची. फ्लाय पुन्हा पाण्याच्याच गतीने वाहू लागते. फ्लाय बदलण्याआधी हे करून बघाच.

गळाच्या आकड्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे मासा इजा न होता सुटतो. सोडताना हात आधी ओले करा आणि त्याला शक्यतो पाण्यातच राहू द्या.

(दृश्य: सकाळचं मोकळं मैदान. गवतावर लाइन उलगडते.)

पुण्या-नागपुरात राहणाऱ्याला हे शिकायला हिमाचल गाठेपर्यंत थांबायची गरज नाही. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि मैदानात लाइन टाकायचा सराव करा. लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबणं हाच त्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, तेव्हा मान वळवून मागे बघा, खुशाल बघा. फक्त सराव गवतावर करा. सिमेंटवर लाइनचं आवरण खरवडतं.