अंगावर एकही सेन्सर नाही, तरी खेळाडूचा पाय नेमका कुठे होता हे कसं कळतं?

२० नोव्हेंबर २०२२. कतारचं अल बायत स्टेडियम, फुटबॉल वर्ल्डकपची पहिलीच मॅच. तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरच्या एन्नेर वालेन्सियानं हेडरवर गोल केला. जल्लोष झाला आणि थोड्याच वेळात गोल रद्द! का? तर त्याच हल्ल्यात, काही क्षण आधी, त्याचा सहकारी मायकेल एस्त्रादा याचा पाय ऑफसाइड होता. म्हणजे बॉल त्याच्याकडे खेळला गेला त्या क्षणी तो पाय बॉलपेक्षा आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षाही गोलच्या जवळ होता. टीव्हीसमोरच्या कित्येकांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. छताखालच्या कॅमेऱ्यांनी मात्र टिपलं होतं.

नमस्कार मंडळी! हे सगळं चालतं कसं, ते आज बघू.

त्या वर्ल्डकपला स्टेडियमच्या छताखाली खास ट्रॅकिंगसाठी १२ कॅमेरे बसवले होते. प्रत्येक खेळाडूच्या शरीराचे २९ पर्यंत बिंदू ते सेकंदाला ५० वेळा टिपत होते. त्यासाठी खेळाडूंच्या अंगावर काहीही चिकटवलेलं नव्हतं.

आता, एका कॅमेऱ्यावर का भागत नाही? एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. सुई दिसते, पण ती किती लांब आहे तेच कळत नाही. कॅमेऱ्याचंही तेच. चित्रात गुडघा सापडला, तरी एवढंच कळतं की तो अमुक एका सरळ रेषेवर कुठेतरी आहे. दुसऱ्या कॅमेऱ्यानं आपली रेषा काढली की दोन्ही रेषा जिथे भेटतात, तिथे गुडघा! मग बारा कशाला? कारण कॉर्नरच्या वेळी गोलसमोर सगळे एकमेकांना खेटून उभे असतात. इकडून झाकला गेलेला गुडघा तिकडून दिसतो.

चित्रातला गुडघा ओळखतं न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य उदाहरणं बघून शिकलेला कॉम्प्युटर प्रोग्राम. ते काम आता बरंच जमलंय. जास्त जिकिरीचं आहे ते कॅलिब्रेशन. कुठला कॅमेरा कुठे आहे, कोणत्या कोनात आहे, त्याच्या लेन्समुळे चित्र किती वाकतं, हे सगळं आधी मोजून ठेवायचं. कॅमेरा जरासा जरी हलला, तरी रेषा एकमेकींना चुकतात.

पण मला यात सगळ्यात भारी वाटतो तो वेळेचा हिशेब. समजा, खेळाडू ताशी ३६ किलोमीटरनं पळतोय. म्हणजे सेकंदाला १० मीटर. सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत तो २० सेंटिमीटर पुढे! एखादा कॅमेरा अर्धी फ्रेम मागे राहिला, तर १० सेंटिमीटरची चूक ठरलेली. म्हणून सगळ्या कॅमेऱ्यांनी अगदी एकाच क्षणी चित्र घ्यायला हवं.

त्यातून ऑफसाइड बघायचा तो पासच्या क्षणी. म्हणून बॉलच्या आत सेन्सर होता, सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा. तेवढ्या अवधीत आपला खेळाडू सरकतो फक्त २ सेंटिमीटर.

आणखी एक बारकावा. ऑफसाइड ठरवताना हात हिशेबात घेत नाहीत. काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीपासून खालचा दंड हातातच मोजला जातो, खांदा मात्र हिशेबात घेतात. त्यामुळे नुसती माणसाची आकृती सापडून उपयोग नाही, खांदा कुठे संपतो तेही कळावं लागतं.

एवढं असूनही या पद्धतीला नाव आहे ‘सेमी-ऑटोमेटेड’, आणि ते योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. त्या वर्ल्डकपला पासचा क्षण आणि ऑफसाइडची रेषा व्हिडिओ रूममधले पंच स्वतः तपासत होते, मगच मैदानातल्या रेफरीला कळवत होते. पाय कुठे होता ते कॅमेरे सांगतात. पण ऑफसाइड खेळाडूनं बॉलला हात-पाय न लावता नुसता गोलकीपरला अडथळा केला का, हे अजूनही रेफरीच ठरवतो.