पाच टीएमसी पाणी, तेही स्थितांबरात

ज्वालामुखी म्हटलं की हवामानाच्या अभ्यासकांना आधी फिलिपाईन्सचा पिनाटुबो आठवतो. १९९१ साली त्याने दीडेक कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. त्यातून तयार झालेल्या सूक्ष्म कणांनी ऊन अडवलं आणि पृथ्वीचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरलं. १५ जानेवारी २०२२ ला प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांजवळचा, समुद्राखालचा हुंगा ज्वालामुखी फुटला तेव्हा सगळे गंधकच मोजायला धावले. ते निघालं किरकोळ. खरा माल वेगळाच होता, पाणी!

या ज्वालामुखीचं तोंड समुद्रपातळीखाली साधारण दीडशे मीटरवर. फार खोल असतं तर पाण्याच्या दाबाने स्फोट दबला असता, अगदी उथळ असतं तर एवढी वाफ झाली नसती. स्फोटाचा लोट ५७ किलोमीटरवर, म्हणजे स्थितांबराच्याही (ढग-पावसाच्या वरचा, ओझोन असतो तो थर) वर, थेट मध्यांबरात पोचला. नासाच्या ‘ऑरा’ उपग्रहाने मोजलं तेव्हा स्थितांबरात सुमारे १४.६ कोटी टन वाफ वाढलेली दिसली. आपल्या धरणांच्या हिशेबात पाच टीएमसी. कोयनेत एकशे पाच मावतं, म्हणाल त्यात काय विशेष?

विशेष असं, की स्थितांबर मुळात कमालीचं कोरडं. दहा लाख रेणूंमागे पाण्याचे चार-पाच. कारण तिथे जाणारी हवा विषुववृत्तीय पट्ट्यात सतरा किलोमीटरच्या आसपास उणे ऐंशी अंशांच्या थरातून वर चढते, आणि तिथेच तिचं पाणी गोठून झडतं. हुंगाने ही चाळणी ओलांडून पाणी वर टाकलं आणि तिथला एकूण साठा एका फटक्यात दहा टक्क्यांनी वाढला.

तिथली वाफ खालून येणारी उष्णता अडवते, स्वतः मात्र अवकाशात उष्णता सोडून तो थर थंड करते. ओझोनचा प्रश्न इथूनच सुरू होतो. ध्रुवावर थंडी आणि वाफ दोन्ही वाढली की बर्फाळ ढग सहज धरतात, आणि त्या ढगांच्या कणांवर क्लोरीन ओझोन खाण्याच्या रूपात येतं. शिवाय वाफेपासून हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची चटकन अभिक्रिया करणारी जोडी) तयार होतं, तेही ओझोनला पोखरतं.

‘२०२३ ची उष्णता हुंगामुळेच का?’ हा प्रश्न मला दर सभेत येतो. नाही. गंधक किरकोळ असलं तरी त्याच्या कणांनी ऊन अडवलं, त्यात वाफेची ऊब झाकली गेली. गोळाबेरीज किंचित थंडाव्याचीच निघाली. हुंगाच्या नावावर स्वतःचा धूर खपवणाऱ्यांना हे रुचत नाही, पण आकडे तसेच आहेत.

मला जास्त काळजी हळूहळू वाढणाऱ्या पाण्याची. मिथेनचा एक रेणू वर जळला की पाण्याचे दोन रेणू तयार होतात, आणि मिथेन आपण वाढवतोच आहोत. तो गोठवणारा थर तापला तर चाळणीही सैल होईल. २००० नंतर हीच वाफ दहाएक टक्क्यांनी घटली होती, तेव्हा त्या दशकातली तापमानवाढ सुमारे पाव हिश्श्याने मंदावली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. उलट दिशेने गेलं तर काय होईल ते तुम्हीच ताडा. मोजणारा ‘ऑरा’ मात्र २००४ पासून वर आहे, आणि त्याचे दिवस आता भरत आलेत.