रविवार बाजारातली काळी मशीन

[जाफर गेट, कोवळं ऊन, ताडपत्र्या पसरतायत]

रविवार, सकाळचे सात-साडेसात. छत्रपती संभाजीनगरचा जाफर गेटचा बाजार, जुन्या माणसांच्या तोंडी अजून औरंगाबादच. भाजीवाले तिकडं आणि ह्या बाजूला जुन्या सामानाच्या ताडपत्र्या. सायकलच्या रिमा, पितळी स्टो, पाने-पक्कड, जाळी नसलेला टेबलफॅन, आणि ती बघा, वजनकाट्याच्या शेजारी आडवी पडलेली काळी शिलाई मशीन. काटा शेजारी का ठेवलाय ते कळलंच असेल. गिऱ्हाईक नाही आलं तर दुपारनंतर ती किलोवर जाणार, बीड भंगार म्हणून, म्हणजे ओतीव लोखंडाच्या भावात. आपल्याकडचं लोखंडी भंगार बरंचसं जालन्याच्या वाटेला लागतं, तिथं भट्ट्या आहेत, वितळतं, सळया होतात.

ही मशीन त्या वाटेला लागायच्या आधी ह्या दोघांच्या नजरेला पडली. डोक्याला रुमाल बांधलेले ते चाचा, चाळीस वर्षं झाली शिलाई मशीनच दुरुस्त करतायत, आणि पिवळ्या ओढणीतली ताई पैठणच्या बाजूच्या एका गावात ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं काम करते. तिला चालती पायमशीन हवीये, नवी घ्यायची ऐपत नाही, आणि नव्यातली स्वस्त तिला नकोय कारण तिच्या शेजारणीच्या तसल्या मशीननं दोन वर्षांत दम सोडला.

आता चाचांचे हात बघा, तोंडाकडं बघू नका. पहिल्यांदा त्यांनी मशीन उभी केली आणि हाताचं चाक धरलं. फिरवलं नाही, नुसतं धरलं आणि बोटाएवढं पुढं-मागं हलवून बघितलं. चाक अजिबात हललं नाही. दुकानदार म्हणतो, खराब आहे साहेब, घेऊन जा, स्टँड चांगला आहे. चाचा काही बोलले नाहीत, मशीन पालथी घातली.

जाम मशीन म्हणजे संपलेली मशीन, हा आपला मोठा गैरसमज आहे आणि त्यापायी किती मशिनी गेल्या असतील. चाक फिरत नाही याचं कारण शंभरात बहुतेक वेळा तेल असतंय, तेही चुकीचं तेल. आपल्याकडं मशीनमध्ये खोबरेल घालायची सवय, ते संपलं तर स्वयंपाकघरातलं गोडं तेल, आणि हे तेल सुकलं की त्याचा डिंक होतो. लोखंड झिजलेलं नसतंच, नुसतं चिकटलेलं असतं. म्हणून घेताना चाक फिरतंय का यापेक्षा दुसऱ्या गोष्टी बघायच्या. बिडाच्या अंगाला कुठं तडा गेलाय का, वेल्डिंगचा सांधा दिसतोय का, कारण तडा गेला तर बीड सहजासहजी सांधत नाही. सुईचा दांडा गंजून खड्डे पडलेत का. खालचे दाते, जे कापड पुढं ढकलतात, ते बोथट झालेत का. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, जागेवर आहे का. सोनेरी नक्षी उडाली असेल तर उडू द्या, त्यानं शिलाईला काही होत नाही.

[मोबाईल दाखवणारा दुकानदार]

इथं भाव अडला. दुकानदारानं मोबाईल काढला, त्यात कुठला तरी व्हिडिओ, सिंगर कंपनीची जुनी मशीन लाखोंत जाते म्हणून. ही अफवा जुनी आहे. २००९ साली सौदी अरेबियात उठली होती की सिंगरच्या सुईत लाल पारा नावाचा फार महागडा पदार्थ असतो, आणि लोकांनी खरंच वेड्यासारख्या किमती मोजल्या. असला पारा कुठल्याच मशीनमध्ये नसतो. अशा अफवांनी होतं काय, की ज्याच्या घरात मशीन आहे तो लाखाच्या आशेवर ती ओसरीत गंजू देतो आणि शेवटी किलोवर घालतो. चाचांनी त्याला हे समजावलं नाही, मशीन खाली ठेवली आणि दोन पावलं चालून गेले. २२०० चे १४०० झाले, स्टँडसकट.

स्टँडचं एक बोलून घेतो. हा ओतीव पायटा, ही जाळीदार नक्षी, हिला शहरात फार मागणी आहे, वर काच नाहीतर लाकडी फळी टाकली की हॉटेलात टेबल म्हणून शोभतं. आणि वरचं डोकं भंगारात. मला ते टेबल बघवत नाही. शोभेसाठी पाय ठेवले आणि काम करणारं अंग वितळवलं, याला जतन म्हणत नाहीत.

[चाचांचं दुकान, टेबलावर मशीन, खिडकीतून उजेड]

घरी आलेल्या म्हाताऱ्या बाईला नाव विचारायच्या आधी पाणी द्यावं तसं, चाचा आधी कापसाचा बोळा आणि मशीनचं पांढरं तेल घेतात. खांबाच्या पायथ्याशी, पाटाच्या उजव्या कोपऱ्यात, थोडंसं पुसतात. थांबा, इथं कॅमेरा जवळ गेलाय, नीट बघा. मळाचा थर निघतोय आणि खालनं एक इंग्रजी अक्षर वर येतंय. वाय. त्याच्यापुढं ७ आकडे.

हा आकडा म्हणजे मशीनचा जन्मदाखला. खऱ्या सिंगरवर तो बिडातच ठोकलेला असतो, वरनं चिकटवलेला नसतो. १९०० च्या आधीच्या मशिनींवर नुसता आकडा, अक्षर नाही. नंतर अक्षर आलं आणि त्या अक्षरावरनं कारखाना आणि साधारण काळ कळतो. वाय म्हणजे स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना आणि १९२० नंतरची पंधराएक वर्षं. म्हणजे ही मशीन ओतली तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, १७ सप्टेंबर १९४८ अजून लांब होता.

तो कारखाना काय होता हे थोडं सांगतो, कारण आपल्या आज्यांच्या कितीतरी मशिनी तिथनं आल्या. एकट्या १९१३ सालात तिथं १३ लाखांच्या आसपास मशिनी झाल्या. उंच मनोरा, त्याला चारी बाजूंनी अवाढव्य घड्याळ, ते १९६३ ला पाडलं. १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन विमानांनी क्लाइडबँकवर बाँब टाकले तेव्हा कारखान्याचं लाकडाचं आवार जळालं. १९८० ला कारखाना बंद झाला. रेल्वे स्टेशन मात्र अजून आहे आणि त्या स्टेशनचं नाव आजही सिंगरच आहे. गांधीजी यंत्रांबद्दल किती कडक होते ते आपल्याला माहितीये, पण १९२४ साली त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हटलं होतं.

आता मॉडेल. ह्या काळातल्या मशीनवर बऱ्याचदा मॉडेलची पट्टी नसते, मग अंगावरनं ओळखायचं. दोऱ्याचा ताण देणाऱ्या तबकड्या कुठं आहेत? डाव्या टोकाला, तोंडाच्या पत्तीवर. बॉबिन कसली? गोल, आणि डावीकडनं उभी बसते. दोन्ही जुळलं की ही पंधरा नंबरच्या घराण्यातली, १५ के, आणि के म्हणजे किलबोवी. बॉबिनच्या जागी बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल निघालं असतं तर ती २७ किंवा २८ मधली, सुंदर मशिनी आहेत त्या, पण तिच्या लांब बॉबिनी शोधत फिरावं लागतं. म्हणून ताईसारख्या पोटासाठी शिवणाऱ्या माणसानं पंधराच बघावी. उषा १९३० च्या दशकात कोलकात्यात सुरू झाली, पुढं लुधियानात कितीतरी कारखाने निघाले, त्यांच्या बहुतेक काळ्या मशिनींचा सांगाडा ह्याच घराण्याचा. म्हणजे स्कॉटलंडच्या ह्या मशीनला लागणारी बॉबिन, बॉबिन केस, सुई, दाबाचा पाय, सगळं आज तालुक्याच्या शिलाई सामानाच्या दुकानात मिळतं.

ह्याच कारणानं फसवणूक पण होते बरं का. लुधियानाच्या अंगावर सिंगरचं सोनेरी स्टिकर लावून विकतात. मशीन वाईट नसते, भाव खोटा असतो. आकडा बघा, बिडात ठोकलाय का बघा.

[रॉकेलची बाटली, थेंब, थेंब]

इथनं पुढं फारसं बोलायची गरज नाही, पण ज्यांच्या घरी जाम मशीन पडलीये त्यांच्यासाठी सांगतो. आधी मोबाईलनं फोटो काढायचे, चारी बाजूंनी, प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी एक. मग मागची गोल झाकणी, तोंडाची पत्ती, वरची सरकपट्टी काढायची. जिथं जिथं तेलाचं भोक आहे आणि जिथं लोखंडावर लोखंड घासतंय तिथं रॉकेलचे दोन-दोन थेंब. रॉकेल मिळेना झालंय म्हणून कुणी डिझेल वापरतं, चालतं. थेंब टाकले की सोडून द्यायचं. ताईनं लगेच चाक धरलं तर चाचा म्हणाले ते ऐका, "जोर नक्को लगाव बेटी, तेल को उसका काम करने दे." रात्रभर ठेवली.

दुसरा दिवस. चाक केसभर हललं. परत थेंब, परत केसभर. हेअर ड्रायरची गरम हवा सांध्यांवर मारली, सुकलेला डिंक मऊ पडतो त्यानं. दुपारपर्यंत चाकाचा पाव फेरा, मग अर्धा, आणि मग हा आवाज.

[चाक पूर्ण फिरतं. निवेदन नाही]

चाक फिरलं म्हणजे काम झालं नाही. रॉकेल मळ काढतं पण लोखंड कोरडं सोडतं, तसंच चालवलं तर घासून खातं. म्हणून सगळं पुसून त्याच भोकांत मशीनचं पातळ तेल, खोबरेल नाही, गाडीचं ऑइल नाही. आणि रॉकेल सोनेरी नक्षीवर येऊ द्यायचं नाही, स्पिरीट तर मुळीच नाही. नक्षीवरचं पॉलिश लाखेचं असतं, बांगडीतली तीच लाख, आणि लाख स्पिरीटमध्ये विरघळते. माझ्या आजीच्या मशीनवर मी हौसेनं स्पिरीटचा बोळा फिरवला होता, अर्धी वेलबुट्टी बोळ्यावर आली, ती परत येत नाही. नुसतं मशीनचं तेल आणि कापूस, हलक्या हातानं, तीन-चार वेळा.

आता हे. शटलची जागा उघडली, बॉबिन केस काढली, मागची कडी सोडवली, आणि चाचांनी चिमट्यानं आतला दोऱ्यांचा गुंता ओढला. नमद्यासारखा दाबून बसलेला. लाल, त्याच्या आत हिरवा, पांढरा बराचसा, आणि अगदी तळाला एक जरीचा.

[ताईच्या तळहातावर तो गुंता. निवेदन नाही]

ताणाच्या तबकड्या उघडल्या तर दोघींच्या मधी दोऱ्याचा तुकडा अडकलेला, त्यामुळं तबकड्या मिटतच नव्हत्या. हा दोष इतका साधा आहे आणि ह्याच्यापायी लोक म्हणतात मशीन दोऱ्याच्या गाठी घालते. खोलताना मोजायचं, नट किती फेऱ्यांत निघाला, तेवढ्याच फेऱ्यांत बसवायचा. सुई जुनी होती, आधीच्या कुणीतरी उलटी बसवलेली. सुईला एका बाजूनं लांब खाच असते, दोरा त्याच बाजूनं ओवायचा, दांड्याची सपाट बाजू खाचेच्या विरुद्ध. उलटी बसली तर शटलच्या टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही, टाकाच पडत नाही. सुई खाली जाते, किंचित वर उठते, त्या किंचित उठण्यात मागं दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, शटल तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवून आणतं, झाला टाका. एवढ्या केसभराच्या हिशोबावर सगळी मशीन उभी आहे.

पट्टा नवा टाकला, चामडी. चाकांवरनं फिरवून मोजला, एक इंच कमी कापला कारण चामडं ताणतं, भोक पाडलं, तारेची कडी अडकवली. बॉबिन भरायच्या चाकाचं रबर तडकलं होतं, ते २० रुपयांत मिळालं. पायट्याच्या सांध्यांना ग्रीस. सगळं मिळून सामानाचा खर्च पाचशेच्या आत.

रेडिमेडनं गावोगावच्या शिंप्यांचं काम गेलं आणि मशिनी त्यामुळंच ओसरीत पडल्या, तेही खरंच.

[ताईचं घर, दुपार, दारात मशीन]

मशीन गावात पोचली. पहिलं कापड ब्लाऊजचं घेतलं नाही, सासूबाईंनी वाकळ पुढं केली, जुन्या लुगड्यांच्या चार पदरांची, म्हणाल्या हिच्यावर चालली तर खरी. ताईनं पायट्यावर पाय ठेवला आणि चाकाला हातानं पहिला झोका दिला. वरनं टाका सुरेख. उलटून बघितलं तर खालनं दोरा सैल, फासेच फासे. सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं. ताईनं चाचांना फोन लावला नाही. वरच्या ताणाचा नट बोटानं अर्धा फेरा आवळला, पुन्हा चार बोटं शिवलं, उलटलं, अजून पाव फेरा. आता दोन्ही अंगांनी टाका सारखा, गाठ कापडाच्या पोटात.

मग ती थांबली नाही, वाकळीची एक कड संपली, कोपऱ्यावर सुई आत रुतवून कापड वळवलं, दुसरी कड. सासूबाई पलीकडनं वजन धरून बसल्या. तिसऱ्या कडेच्या मधोमध बॉबिन संपली.

[ताई बॉबिन भरतीये. मशीनचा आवाज चालू राहतो]