हातचा एक

(दृश्य: सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीची पोती, वजनकाटा. कॅमेरा एका अडत दुकानात शिरतो.)

सौदा उरकलाय. दिवाणजी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, करतायत. सात नि आठ पंधरा. पाच मांडले, हातचा एक. अंगठा करंगळीच्या पेरावर टेकतो आणि तो एक तिथंच थांबतो, पुढच्या घराची बेरीज येईपर्यंत. कॅल्क्युलेटर शेजारीच आहे, पण तो ताळ्यापुरता.

हा हातचा आपण शाळेत शिकलो. मग कधीतरी एखाद्या गोष्टीत वाचलं की अमका बोलायला गोड, पण हातचा एक राखून. वाक्य लगेच कळलं, अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

गंमत अशी, की बेरजेत हातचा राखायचा नसतोच. दशकाच्या घरात तो द्यावाच लागतो. सतरा नि आठ करताना राखून ठेवलात, तर पंचविसाऐवजी पंधरा. भाषेनं मुठीत धरलेला एक तेवढा उचलला आणि पुढची रीत यार्डातच सोडून दिली.

(दृश्य: सांगलीजवळच्या हरिपूरचा रस्ता.)

हे गणितापुरतंच आहे असं नाही. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, एके काळी नावाजलेली. ज्यांनी जन्मात पेव पाहिलं नाही, तेही ‘क्लासेसचं पेव फुटलंय’ असं बिनदिक्कत म्हणतात.

(दृश्य: काळी पाटी. खडूनं ३६.)

छत्तीसचा आकडा तर निव्वळ चित्रच. तीन आणि सहा पाठीला पाठ लावून बसलेले. इंग्रजी आकड्यांत लिहून बघा, भांडण दिसतच नाही.

लेखक मंडळी खरी घसरतात ती लसाविवर, म्हणजे लघुतम साधारण विभाज्यावर. ‘सगळ्यांच्या मतांचा लसावि काढला,’ असं लिहितात. म्हणायचं असतं, सगळ्यांत समान असलेलं थोडंसं काहीतरी. तो मसावि! बारा आणि अठराचा मसावि सहा. लसावि काढाल तर येतात छत्तीस. म्हणजे एकमत शोधायला निघालात आणि हाती छत्तीसचा आकडा. तरी वाचक अडखळत नाही. ‘लघुतम’ हा शब्द ऐकून त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी लहान आलेलं असतं.

रीत न मोडता दिलेली उपमा बघायची, तर भास्कराचार्यांकडे जावं लागतं. साल ११५० च्या आसपासचं. ‘बीजगणित’ ग्रंथात ते तीनाला शून्यानं भागतात आणि त्या राशीला ‘खहर’ म्हणतात. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. तिच्यात काही मिळवा, तिच्यातून काही काढा, ती तशीच राहते. सृष्टी निर्माण होताना आणि लय पावताना कितीही जीव बाहेर पडोत नाहीतर आत शिरोत, अनंत अच्युत जसा बदलत नाही, तशी. आजचं गणित शून्यानं भागू देत नाही, ते राहू द्या. त्या राशीचा गुणधर्म हीच इथं उपमा आहे. देव ओढूनताणून आणलेला नाही.

(दृश्य: पुन्हा दुकान. पट्टीवरची शेवटची ओळ.)

दिवाणजींना विचारलं, “काका, हातचा राखायचा म्हणजे काय हो?”

अंगठा पेरावरच होता. “राखून कसं चालंल? शेतकरी पट्टी घेऊन परत येतोय की.”